भिडलेले काटे: पाठदुखीच्या एका घोड्याची तपासणी, शस्त्रक्रिया आणि पुढचं वर्ष

घोडा थरोब्रेड, सात वर्षांचा, खच्ची, रंगाने कुमैत, वजन ४८० किलो. तीन हंगाम शर्यतीत पळाला, पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात महालक्ष्मी. पाय धड होते, पण वेग कमी पडत गेला आणि पाचव्या वर्षी शर्यत सुटली. मग तो पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये आला. दीड वर्ष सुरळीत गेलं. मीटरभर उंचीच्या उड्या तो कुरकुर न करता घेत होता. त्यानंतरच्या चार महिन्यांत सगळं बिनसलं.

हे एकाच घोड्याचे कागद नाहीत. अशा घोड्यांमध्ये नेहमी जे दिसतं आणि जे करावं लागतं, ते एका घोड्याच्या रूपाने एकत्र मांडलं आहे.

तक्रारी अशा होत्या. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळला की मान वळवून चावायला येतो. स्वार चढला की पाठ खाली दाबतो आणि पहिली वीस-तीस पावलं काठीसारखा ताठ चालतो. डाव्या हाताच्या कॅन्टरमध्ये, म्हणजे मंद दौडीत, मागचे दोन्ही पाय एकदम टाकतो, सशासारखे. रुंद ऑक्सरपुढे, म्हणजे एकामागे एक दांडे लावलेल्या रुंद अडथळ्यापुढे, थांबतो. उडी मारलीच तर उतरताना मागून उधळतो. दोनदा त्याने स्वाराला पाडलं होतं. स्कूलमध्ये निदान झालं होतं 'माजलाय', आणि उपाय म्हणून चंदी कमी करून काम वाढवलं होतं.

खरी माहिती सईसाकडे होती. खरारा करताना खोगिराच्या मागच्या कडेपाशी ब्रश लागला की कातडी थरथरते, पाठ चार बोटं खाली जाते आणि कान मागे पडतात, हे त्याने दोन महिने आधीच पाहिलं होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं. पाठीच्या घोड्याची पहिली विचारपूस सईसाकडे करावी, कारण स्वार घोड्यावर तासभर असतो आणि सईस दिवसभर त्याच्या अंगाशी.

पाठीत नेमकं काय होतं

घोड्याला छातीचे १८ मणके आणि कमरेचे ६. प्रत्येक मणक्यावरून हाडाचा एक चपटा काटा वर उभा राहतो. विदर्सपाशी, म्हणजे मानेच्या बुडाशी खांद्यांवरच्या उंचवट्यापाशी, हे काटे सर्वांत उंच आणि मागे झुकलेले असतात. मागे जाताना त्यांचा झुकाव कमी होत जातो. साधारण १५व्या-१६व्या मणक्याचा काटा सरळ उभा असतो आणि त्याच्या मागचे काटे पुढे झुकतात. म्हणजे दोन्हीकडचे काटे खोगिराच्या मागच्या भागाखाली एकमेकांकडे झुकतात. स्वाराचं वजन येतं तेही तिथेच. या काट्यांच्या माथ्यांवरून एक लांब, जाड बंध मानेपासून कमरेपर्यंत जातो, आणि दर दोन काट्यांच्या मधली फट एका आखूड बंधाने भरलेली असते. शस्त्रक्रियेत कापतात तो हा आखूड बंध. माथ्यावरचा लांब बंध सोडून द्यायचा असतो.

दोन काट्यांत साधारण ४ मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर हवं. ते कमी झालं की हाडाच्या कडा घट्ट होतात, एक्स-रेवर पांढऱ्या दिसतात. पुढे हाड खरवडल्यासारखं होतं, त्यात छोट्या पोकळ्या पडतात. इंग्रजीतलं प्रचलित नाव 'किसिंग स्पाइन्स' आपल्याकडच्या रेसकोर्सवरही तसंच बोललं जातं. थरोब्रेडमध्ये हा प्रकार विशेष दिसतो, आणि १३व्या ते १८व्या मणक्यांच्या पट्ट्यात सर्वाधिक.

यात एक मोठी गोम आहे. काटे भिडलेले असणं आणि पाठ दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅलिफोर्नियात ३६ थरोब्रेड शर्यती घोड्यांच्या कमरेकडच्या मणक्यांची शवतपासणी झाली, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. कमी-अधिक भिडलेले काटे ९२ टक्के घोड्यांत सापडले. त्यामुळे एक्स-रे पाहून कुणी 'याला तर ऑपरेशन लागणार' म्हणत असेल, तर त्याला घोडा चालवून दाखवायला सांगावं.

तपासणी

आधी हात. घोडा चारी पायांवर सारखा उभा करून, बोटांची टोकं काट्यांच्या माथ्यांवर ठेवून हळूहळू दाब वाढवत विदर्सपासून पुठ्ठ्यापर्यंत जायचं. अंगठ्याने एकदम टोचलं तर चांगला घोडाही पाठ टाकतो, आणि त्या प्रतिक्रियेला काही अर्थ नसतो. या घोड्यात १४ ते १८ या मणक्यांवर दाब देताच दोन्ही बाजूंचे स्नायू दगडासारखे घट्ट झाले आणि तिसऱ्या खेपेला त्याने मागचा पाय उचलला. खोगिराखालचे स्नायू सुकलेले होते, काटे बोटाला मोजता येत होते. पोटाखाली खाजवल्यावर निरोगी घोडा पाठ वर उचलतो. याने उचलायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर सोडून दिली.

नंतर चाल. सरळ रेषेत दुडकीवर लंगडेपणा नाही. लंजवर, म्हणजे लांब दोरीवर वर्तुळात (जुन्या भाषेत काव्यावर) धरल्यावर, डाव्या वर्तुळात डावा मागचा पाय किंचित आखूड पडत होता. हे सोडून चालत नाही. मागच्या पायाचा वरचा सस्पेन्सरी बंध (नळीच्या हाडामागून जाणारा, पायाला तोलून धरणारा) दुखत असेल तर घोडा पाठ ताठ धरतो, आणि पाठ दुरुस्त केली तरी तक्रार तशीच राहते. म्हणून त्या पायाची वरच्या सस्पेन्सरीची नस लिग्नोकेनने बधिर करून पुन्हा चालवला. फरक पडला नाही. पाय बाजूला पडला.

तंग आवळताना चावणाऱ्या घोड्याचं पोट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. १६ तास उपाशी ठेवून जठराची दुर्बिणीने तपासणी केली. वरच्या भागात चारपैकी दुसऱ्या श्रेणीचे व्रण होते. ओमेप्राझोल ४ मिग्रॅ प्रति किलो, रोज सकाळी उपाशीपोटी, २८ दिवस. चावणं निम्म्याने कमी झालं, उधळणं मात्र जसंच्या तसं. पोट हे एक दुखणं होतं, मुख्य दुखणं दुसरीकडेच होतं.

मग एक्स-रे. पोर्टेबल मशीनवर काट्यांचे फोटो चांगले येतात, पण दोन चुका सर्रास होतात. पहिली डोक्याच्या उंचीची. घोड्याला गुंगी दिली की डोकं गुडघ्यापर्यंत येतं, माथ्यावरचा लांब बंध ताणला जातो आणि काट्यांमधल्या फटी आहेत त्यापेक्षा मोठ्या दिसतात. डोकं उंच धरलं तर उलट होतं. म्हणून डोकं स्टँडवर टेकवून तोंड खांद्याच्या पातळीत ठेवलं. पुढच्या वेळी तुलना करायची तर हीच उंची पुन्हा हवी, तेव्हा ती लिहून ठेवली. दुसरी चूक प्रकाशाची. काट्याचा माथा पातळ आणि बुडखा स्नायूंत गाडलेला, त्यामुळे माथा जळून काळा होतो आणि बुडखा दिसत नाही. ॲल्युमिनियमची उतरती पट्टी लावली की दोन्ही एका फोटोत येतात. कातडीवर मधल्या रेषेत ५ सेंमी अंतराने खुणा चिकटवल्या होत्या. कॅसेट हातात न धरता स्टँडवर ठेवली, सर्वांच्या अंगावर शिशाचे ॲप्रन.

१४-१५ मध्ये ३ मिलिमीटर फट, कडा पांढऱ्या. १५-१६ आणि १६-१७ पूर्ण भिडलेले. १६-१७ मध्ये दोन पोकळ्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. १७-१८ मध्ये २ मिलिमीटर. काटे एकमेकांवर चढलेले नव्हते. पुढे शस्त्रक्रियेची निवड करताना सगळं या शेवटच्या वाक्यावर ठरलं.

आता या भिडलेल्या काट्यांचा तक्रारीशी संबंध आहे का, हे पाहायचं होतं. त्यासाठी घोडा आधी त्याच स्वाराने, त्याच खोगिराने दहा मिनिटं चालवला आणि व्हिडिओ घेतला. मग चारही फटींत २ टक्के लिग्नोकेन, प्रत्येकी ८ मिली, ९ सेंमी लांब सुईने. पंधरा मिनिटांनी तोच स्वार, तेच खोगीर, तेच काम. घोडा पहिल्या पावलापासून सैल चालला, डाव्या कॅन्टरमध्ये मागचे पाय वेगळे पडले, ८० सेंमीची उडी त्याने न उधळता घेतली. या चाचणीवरही आंधळा विश्वास नको. औषध बाजूच्या स्नायूंत पसरतं आणि दुखणं नसलेल्या घोड्याचीही पाठ थोडी सैल होते. म्हणून 'जरा बरा वाटतोय' एवढ्या फरकावर चाकू काढू नये. फरक असा हवा की व्हिडिओ आवाज बंद करून दाखवला तरी अनोळखी माणसाला कळावा.

चाचणीसाठी आणि शस्त्रक्रियेसाठीही ॲड्रेनलिन नसलेलं लिग्नोकेन घ्यावं. ॲड्रेनलिनवालं वापरलं तर घोड्यात त्या जागी पुढे पांढरे केस येऊ शकतात, आणि खोगिराच्या जागी पांढरे ठिपके असलेला कुमैत घोडा विकताना प्रश्न विचारले जातात.

आधी सुई, मग कात्री

लगेच शस्त्रक्रिया केली नाही. चार फटींत ट्रायमसिनोलोन प्रत्येकी ५ मिग्रॅ, एकूण २० मिग्रॅ दिलं. स्टेरॉइडने खुराच्या आत दाह होण्याची, म्हणजे लॅमिनायटिसची भीती असते, म्हणून एकूण मात्रा जपून. तीन दिवस आराम, मग व्यायाम. खाऊ दाखवून मान खाली, दोन्ही बरगड्यांकडे, पुढच्या पायांच्या मधे नेण्याचे ताण. लंजवर डोकं खाली ठेवून लांब दुडकी. चालवताना जमिनीवरचे दांडे ओलांडणं. खोगीरही तपासलं. ते मधल्या भागात पूल होऊन दोन टोकांवर टेकत होतं, म्हणून बदललं.

आठ आठवडे घोडा चांगला राहिला. अकराव्या आठवड्यात तंग आवळताना कान मागे गेले आणि तेराव्यात उधळणं परत आलं. इंजेक्शन पुन्हा देता आलं असतं. काही घोडे वर्षातून एकदा इंजेक्शन घेऊन काम करतात आणि त्यांच्या मालकांना त्यात काही गैर वाटत नाही. इथे तीन महिनेही निघाले नव्हते, आणि घोड्यावर शिकाऊ मुलं बसायची. त्यामुळे शस्त्रक्रियेचा निर्णय झाला.

कुठली शस्त्रक्रिया

जुनी पद्धत काट्याचा माथाच कापून काढण्याची. १९६८ मध्ये रॉबर्ट्स यांनी ती मांडली. घोड्याला पूर्ण भूल देऊन आडवं करायचं, मोठी चीर, हाड करवतीने कापून काढायचं. चालते ती उत्तम. ब्रिटनमधल्या वॉल्म्सली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २१५ घोड्यांचे निकाल दिले, त्यात ७२ टक्के पूर्ण कामावर परतले. तोटा असा की भूल उतरताना उठण्याची धडपड करणारा घोडा स्वतःचा पाय मोडून घेऊ शकतो, जखम मोठी आणि सुट्टी लांब. २००५ मध्ये नऊ घोड्यांत हेच काम उभ्या घोड्यावर, गुंगी आणि जागेवरच्या भुलेत केल्याचा अहवाल आला. २०१४ मध्ये जॅकलिन, मिन्शल आणि राइट यांनी २५ घोड्यांत काट्याची फक्त पुढची कड पाचरीसारखी कापण्याची पद्धत दिली. तिच्यात माथ्यावरचा लांब बंध शाबूत राहतो.

२०१२ मध्ये रिचर्ड कूमर आणि सहकाऱ्यांनी वेगळाच रस्ता धरला. हाडाला हात न लावता दोन काट्यांमधला आखूड बंध कापायचा. या बंधात वेदना जाणवणाऱ्या नसा असतात. तो आखडून काटे एकमेकांकडे ओढतो आणि स्वतः ताणला जाऊन दुखतो. कापला की ताण सुटतो आणि पुढच्या महिन्यांत फटही रुंदावते. त्यांनी औषधाचा आणि शस्त्रक्रियेचा असे दोन गट ठेवले होते. सुरुवातीचा आराम दोन्ही गटांत दिसला, पण औषधाच्या गटात दुखणं परत येण्याचं प्रमाण बरंच जास्त होतं. या घोड्याची गोष्ट तशीच होती.

बंध कापण्याची मर्यादा स्पष्ट आहे. काटे एकमेकांवर चढलेले असतील तर कात्री मधे शिरतच नाही. तिथे हाड कापावंच लागतं, आणि 'छोटी चीर आहे, आधी हे करून पाहू' असं म्हणणं म्हणजे घोड्याचे तीन महिने वाया घालवणं. या घोड्यात काटे भिडलेले होते, चढलेले नव्हते.

खोड्यात उभा घोडा

आदल्या रात्रीची चंदी बंद, सकाळी चार तास आधी गवत काढलं, पाणी चालू. गळ्याच्या शिरेत १४ गेजची नळी. धनुर्वाताचा डोस आधीच्या आठवड्यात दिला होता. शस्त्रक्रियेच्या अर्धा तास आधी प्रोकेन पेनिसिलिन २२,००० युनिट प्रति किलो, म्हणजे सुमारे १ कोटी ५ लाख युनिट, मानेच्या स्नायूत दोन जागी विभागून. हे कधीही शिरेत जाता कामा नये. सुई टोचल्यावर पिस्टन मागे ओढून रक्त येत नाही ना हे दर वेळी पाहायचं. जेंटामायसिन ६.६ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून, ४८० किलोला ३,१६८ मिग्रॅ. ४० मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून ते जवळपास ८० मिली होतं, आधीच भरून ठेवावं. फिनाइलब्युटाझोन (वेदनाशामक, बोलण्यात 'ब्युट') ४.४ मिग्रॅ प्रति किलो, साधारण १०.५ मिली, नळीतूनच; शिरेबाहेर सांडलं तर तिथली कातडी झडते. जेंटामायसिन आणि ब्युट दोन्ही मूत्रपिंडाला जड, म्हणून घोडा पाणी पिऊन असला पाहिजे आणि आदल्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन पाहिलेलं असावं.

गुंगीसाठी डेटोमिडिन १० मायक्रोग्रॅम प्रति किलो, म्हणजे ४.८ मिग्रॅ. पाच मिनिटांनी ब्युटॉर्फेनॉल ०.०२ मिग्रॅ प्रति किलो, सुमारे १ मिली. क्रम उलटा करू नये. ब्युटॉर्फेनॉल आधी गेलं की घोडा डोक्याला झटके देतो आणि तेवढ्यावरून लोक औषधाला नावं ठेवतात. पुढे ५०० मिली सलाइनमध्ये १० मिग्रॅ डेटोमिडिन घालून ठिबक. मिलीला २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला सत्तरेक थेंब, सेकंदाला एकापेक्षा थोडे जास्त. घोड्याने कान हलवले की थोडं वाढवायचं, पुढचे गुडघे मोडायला लागले की बंद. हृदयाचे ठोके मिनिटाला ३६ वरून २६ वर आले, अधूनमधून एखादा ठोका चुकत होता. या औषधात ते अपेक्षित आहे. घाम सुटतो आणि भरपूर लघवी होते, तेव्हा खोड्यातली जमीन घसरडी नको.

डोकं गादी लावलेल्या स्टँडवर, कानांत कापूस. दहाव्या छातीच्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्यापर्यंत केस काढले. मधल्या रेषेत कातडीवर स्टेपल मारून पुन्हा फोटो. हा फोटो आळसाने टाळला जातो आणि मग एक फट पुढे किंवा मागे कापली जाते. बाहेरून कातडी सरकते, बरगड्या मोजतानाही चूक होते. सरळ उभा काटा शोधून तिथून दोन्हीकडे मोजणं जास्त भरवशाचं.

क्लोरहेक्सिडिनने घासून, स्पिरिटने पुसून, प्रत्येक फटीसाठी १० मिली लिग्नोकेन, थोडं कातडीखाली आणि बाकी फटीच्या दोन्ही बाजूंना. एकूण ४० मिली, म्हणजे ८०० मिग्रॅ. ४८० किलोच्या घोड्याला ही मात्रा सुरक्षित आहे.

मधल्या रेषेपासून डावीकडे २ सेंमीवर, फटीच्या समोर, १ सेंमीची चीर. कातडी आणि तिच्याखालचं पांढरं आवरण दोन्ही उघडलं पाहिजे. आवरण नीट उघडलं नाही तर कात्री त्याच्यावरूनच सरकत राहते आणि आपण बंध कापतोय असं वाटतं. १७ सेंमीची सरळ मेयो कात्री बंद ठेवून, मधल्या रेषेकडे साधारण ४५ अंशांत, माथ्यावरच्या लांब बंधाच्या खालून आत. टोक फटीत शिरलं की दोन्ही बाजूंना हाड लागतं. मग पाती जराशी उघडून थोडं थोडं कापत खाली जायचं. बंध कापला जाताना हाताला ओला सुंभ कापल्यासारखी करकर लागते आणि ती संपली की कात्री एकदम मोकळी होते. कातडीपासून ५-६ सेंमीच्या पलीकडे जायचं कारण नाही. खाली मणक्याची कमान आहे आणि तिच्या आत मज्जारज्जू. कात्रीवर ६ सेंमीला निर्जंतुक चिकटपट्टीची खूण केलेली होती.

१४-१५ आणि १७-१८ प्रत्येकी पाच मिनिटांत झाले. १५-१६ ला थोडा जोर लागला. १६-१७ अडलं. कात्री दर वेळी हाडावर आपटत होती. इथे जोर लावण्याचा मोह होतो, आणि मग काट्याचा तुकडा उडतो किंवा कात्री बाजूला स्नायूत शिरून रक्ताची गाठ होते. थांबून, लांब सुई टोचत ठेवून फोटो घेतला. भिडलेला भाग वरचा दीड सेंमीच होता, त्याच्या खाली फट उघडी होती. उजवीकडून नवी चीर दिली, बाकदार कात्रीचं टोक खालच्या उघड्या भागात घातलं आणि तिथून वर कापत आलं. माथ्याजवळचा शेवटचा अर्धा सेंमी राहिला. तो तसाच सोडला, कारण त्याच्या लगेच वर लांब बंध होता.

पाच चिरा, प्रत्येकीला २-० नायलॉनचा एक फुलीचा टाका. पहिल्या चिरेपासून शेवटच्या टाक्यापर्यंत ५० मिनिटं, त्यातली जवळपास निम्मी १६-१७ ने खाल्ली.

पहिले पंधरा दिवस

डेटोमिडिनने आतडी मंदावतात. घोडा पूर्ण जागा होईपर्यंत तोंडाला जाळी. रात्री लीद दोनदाच झाली. एरवी दिवसाला आठ-दहा वेळा होते. पोटदुखी नव्हती, पण वाट पाहत बसण्यापेक्षा नाकातून नळी घालून ६ लिटर कोमट पाणी मिठासह दिलं आणि सकाळी कोंड्याची ओली चंदी. दुपारपर्यंत लीद सुरळीत. सईसाला लीद मोजून खडूने दारावर रेघा मारायला सांगितलं होतं, त्यामुळे हे वेळेत कळलं.

ब्युट २.२ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे साधारण एक ग्रॅम, दिवसातून दोनदा पाच दिवस. पेनिसिलिन-जेंटामायसिन तीन दिवस.

चौथ्या दिवशी उजवीकडच्या चिरेभोवती लिंबाएवढी मऊ सूज आली. ताप ३८.१ अंश, घोडा खात होता, दाबल्यावर फारसा दुखत नव्हता. आत पाणी साठलं होतं. अशा वेळी सुई घालून ते काढायला हात शिवशिवतात आणि बऱ्याचदा स्वच्छ पाण्यात जंतू नेऊन आपणच पू करतो. बर्फ दिवसातून तीनदा पंधरा मिनिटं, एवढंच केलं. नवव्या दिवशी सूज गेली. ताप ३८.५ च्या वर गेला असता किंवा चिरेतून घट्ट स्राव आला असता, तर टाका काढून वाट करून द्यावी लागली असती. टाके बाराव्या दिवशी काढले.

ठाणात बांधून ठेवणं ही सर्वांत महागडी चूक आहे. कापलेल्या बंधाच्या जागी व्रण भरून येतोच. घोडा डोकं वर करून, पाठ दाबून तीन आठवडे उभा राहिला तर तो व्रण आखूडच भरतो आणि काटे पुन्हा जवळ येतात. म्हणून दुसऱ्या दिवसापासून दोन वेळा दहा मिनिटं हाताने फिरवणं, आणि तिसऱ्या दिवसापासून गाजर पुढच्या पायांच्या मधे दाखवून मान खाली घेण्याचा ताण, पाच वेळा. चंदीही जमिनीवर ठेवली, गव्हाणीत नाही. बरगड्यांकडे वळण्याचे ताण टाके निघाल्यावर.

कामावर परत

तिसऱ्या आठवड्यात वीस-वीस मिनिटं चालणं, मधे जमिनीवर चार दांडे. चौथ्यापासून लंजवर डोकं खाली ठेवून दुडकी, दोन्ही हातांना पाच-पाच मिनिटं. लहान वर्तुळ नाही, निदान १५ मीटर व्यासाचं. आठव्या आठवड्यात खोगीर, स्वाराशिवाय. नवव्यात स्वार, फक्त चाल, आणि तो चौथऱ्यावरून चढणारा. जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन चढलं की खोगीर विदर्सला पिळतं. बाराव्यात कॅन्टर. सोळाव्यात ६० सेंमीची सरळ उडी. ऑक्सर सर्वांत शेवटी.

दहाव्या आठवड्यात स्कूलने घाई केली. सुट्टीच्या शिबिरासाठी घोडे कमी पडत होते, याला सलग दोन दिवस शिकाऊ स्वारांखाली दोन-दोन तास लावलं. तिसऱ्या दिवशी पाठ पुन्हा घट्ट. एक आठवडा मागे जावं लागलं. शस्त्रक्रियेने बंध सुटतो, पण सुकलेला स्नायू परत यायला महिने लागतात, आणि तो येईपर्यंत पाठीला आधार नसतो. रोजच्या ताणांनी हा स्नायू जाड होतो, हे २०११ मध्ये अल्ट्रासाउंडने मोजून दाखवलं गेलं आहे: प्रत्येक ताण पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने. इथे तेच वेळापत्रक सईसाच्या हाती दिलं होतं. गाजरांचा खर्च कुणी मोजला नाही.

सहा महिन्यांनी फोटो घेतले, डोकं पूर्वीच्याच उंचीवर. १४-१५ मध्ये ६ मिलिमीटर, १५-१६ मध्ये ४, १७-१८ मध्ये ५. १६-१७ मध्ये ३, आणि माथ्यापाशी, जिथे अर्धा सेंमी सोडला होता, तिथे अजून टेकलेलं. कडा पांढऱ्याच होत्या, पोकळ्या किंचित लहान. हाडाची जुनी खूण बहुतेक जात नाही, आणि फोटो पुढे नवीन मालकाला दाखवायची वेळ आली तर शस्त्रक्रियेची माहिती सोबत दिली पाहिजे. घोडा मात्र ९० सेंमीचा पूर्ण कोर्स न उधळता करत होता. डाव्या कॅन्टरमध्ये मागचे पाय वेगळे.

नवव्या महिन्यात तंग आवळताना पुन्हा कान मागे. सगळ्यांची नजर १६-१७ कडे गेली. दाबून पाहिलं तर काट्यांवर काही नव्हतं. दुखत होतं विदर्सच्या दोन्ही बाजूंना, पार पुढे. खोगीर ठेवून हात घातला तर बोटं शिरत नव्हती. शस्त्रक्रियेपूर्वी बदललेलं खोगीर सुकलेल्या पाठीच्या मापाचं होतं आणि आता त्या पाठीवर स्नायू भरला होता. तारेने विदर्सचा आकार घेऊन कागदावर काढला आणि जुन्या मापाशी ताडला, दोन्ही बाजूंना अंगठ्याएवढा फरक. एक माप रुंद खोगीर आलं आणि चार दिवसांत तक्रार गेली. आता दर सहा आठवड्यांनी तीच तार, तोच कागद. वर्ष संपताना काढलेल्या शेवटच्या दोन रेघा एकमेकींवर बसतात.